नमुन्यांचें पुस्तक आणि २२ पेट्या

चिपेंडेल हें नांव आज खुर्चीच्या एका विशिष्ट घडणीस लाभलेलें आहे, आणि तें मिळवून दिलें एका पुस्तकानें. यॉर्कशायरमधील ऑटली गांवीं १७१८ सालीं सुताराच्या घरीं जन्मलेल्या थॉमस चिपेंडेल यानें १७५४ सालीं लंडन येथें आपल्या नमुन्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापलेल्या सुमारें १६० चित्रांत खुर्च्या, पलंग, कपाटें, शिवाय चिनी व गॉथिक वळणाचीं कामें होतीं. वर्गणीदारांत उमराव होते, तसे दुसरे सुतारही होते. कारण चित्र पुढें ठेवून दूरच्या गांवचा कारागीरही तशी खुर्ची घडवूं शके. म्हणूनच चिपेंडेलच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या बहुतेक खुर्च्या त्याच्या कारखान्यांतल्या नव्हेत.

पुढच्याच वर्षीं, एप्रिल १७५५ मध्यें, सेंट मार्टिन्स लेनजवळील त्या कारखान्यास आग लागली. तींत २२ कामकऱ्यांच्या पेट्या होत्या, अशी नोंद तत्कालीन मासिकांत आहे. मला ही एक ओळ साऱ्या चित्रांहून बोलकी वाटते. रंधे, पटाशा, करवती कारागिरानें पदरच्या आणावयाच्या, असा त्या धंद्याचा रिवाज होता. पेटी गेली कीं पोटाचें साधन गेलें. त्या २२ जणांपैकीं एकाचेंही नांव तेथें दिलेलें नाहीं.

ग्रंथकारांचेंही सर्वांचें भलें झालें असें नव्हे. शेरेटन १८०६ सालीं दारिद्र्यांत वारला. हेपलव्हाइटचें पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १७८८ सालीं त्याच्या विधवेनें छापविलें. त्याच्या हातची म्हणून खात्रीनें दाखवितां येईल अशी एकही खुर्ची आज ठाऊक नाहीं.