भुसावळची ट्रंक आणि निषिद्ध शस्त्र

१/ सप्टेंबर १९२९. भुसावळ जंक्शन. गाडी बदलून अकोल्याकडे निघालेल्या दोन तरुणांना आबकारी खात्याच्या माणसांनी हटकले. संशय चोरट्या मालाचा होता. सामानात निघाली पिस्तुले आणि बॉम्बचे साहित्य. गोळ्या झाडत निसटण्याचा प्रयत्न फसला आणि भगवानदास माहौर व सदाशिवराव मलकापूरकर पकडले गेले. दोघेही चंद्रशेखर आझादांचे साथीदार.

२/ (मलकापूरकरांचे घर झाशीला. परंतु अकोल्याची गाडी मलकापूरवरूनच जाते. ज्या गावाचे नाव आडनावात वागवले, ते त्या दिवशी एका टप्प्यावर राहिले.)

३/ खटला जळगावला चालला. फेब्रुवारी १९३० मध्ये लाहोर खटल्यातील दोन माफीचे साक्षीदार, जयगोपाल आणि फणींद्रनाथ घोष, साक्षीसाठी तेथे आणले गेले. बाहेरच्या साथीदारांनी कैदेतील माहौरांपर्यंत पिस्तूल पोहोचवले होते. त्यांनी दोघांवर गोळ्या झाडल्या, दोघेही वाचले. पुढे १९३२ मध्ये बेतियाला घोष यांच्यावर वैकुंठ शुक्लांनी प्राणघातक हल्ला केला आणि १९३४ मध्ये शुक्ल फाशी गेले. माहौर दीर्घ कारावास भोगून सुटले आणि हिंदीचे अभ्यासक झाले.

४/ ही शौर्यकथा अनेकांनी सांगितली आहे. या थ्रेडचा विषय निराळा आहे : नागरिकाने कोणते शस्त्र बाळगावे आणि कोणते नाही, हे कायदा कसे ठरवतो? भुसावळच्या फलाटावर जो शस्त्र कायदा लागू होता तो १८७८ चा, लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतला. त्याचा मुख्य प्रश्न ‘बंदूक कोणती’ हा नव्हता. ‘बाळगणारा कोण’ हा होता.

५/ याला खानदेशाची पार्श्वभूमी आहे. एप्रिल १८५८ मध्ये सातपुड्यातील अंबापाणी येथे खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या भिल्लांची इंग्रजी फौजेशी लढाई झाली. उठाव मोडल्यावर देशभर निःशस्त्रीकरण सुरू झाले. वीस वर्षांनी कायदा आला, तेव्हा त्यातील ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत बंदूक, तलवार, भाला यांच्याबरोबर धनुष्यबाणही होता. भिल्लाचा तीर-कामठा म्हणजे त्याचे शिकारीचे आणि संरक्षणाचे साधन. कागदावर तो तोफेच्या पंक्तीला बसला. युरोपियनांना मात्र नियमांनी सूट होती. हा उघड वांशिक भेद पहिल्या महायुद्धानंतर गेला, तोपर्यंत दोन पिढ्या उलटल्या होत्या.

६/ राष्ट्रीय चळवळीला हा कायदा सतत सलत राहिला. जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या. मिठाचा कर सर्वांना आठवतो, पण आत्मसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्यावेत ही मागणीही त्याच यादीत आहे. त्यानंतर काही आठवड्यांतच जळगावचा गोळीबार झाला. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाच्या मूलभूत हक्कांत घातला.

७/ मग तो राज्यघटनेत का नाही? डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली होती. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला : असा हक्क सर्वांना दिला तर चोर-दरोडेखोरही तो मागतील. दुरुस्ती फेटाळली गेली. आज कलम १९ मध्ये ‘शस्त्र’ हा शब्द येतो तो एकत्र जमण्याच्या हक्काला घातलेली मर्यादा म्हणून : जमावे, पण शस्त्राविना. माझ्या मते, आपल्या शस्त्रकायद्याची दिशा याच वादात ठरली. अमेरिकेत शस्त्र हा हक्क आहे आणि बंदी अपवाद. आपल्याकडे परवाना हाच अपवाद.

८/ १९५९ चा शस्त्र कायदा १९६२ मध्ये अमलात आला. तो बाळगणाऱ्याकडून वस्तूकडे वळला. घरगुती वा शेतीच्या वापराची साधने, लाठी, साधी हातकाठी यांना त्याने व्याख्येतून वगळले. आणि एक स्वतंत्र वर्ग केला : ‘निषिद्ध शस्त्रे’. घोडा दाबून धरला असता तो सोडेपर्यंत किंवा गोळ्या संपेपर्यंत मारा करीत राहते, ते अग्निशस्त्र निषिद्ध. तोफा, रणगाडाविरोधी शस्त्रे आणि विषारी वायू सोडणारी साधनेही त्यातच. त्यांना जिल्हाधिकारी परवाना देऊ शकत नाही. अधिकार केंद्र सरकारचा.

९/ पण खरी मेख नियमांच्या अनुसूचीत आहे. तेथे कसोटी यंत्रणेपुरती राहत नाही, काडतुसापर्यंत जाते. .३०३ किंवा ७.६२ मिमीचे लष्करी काडतूस ज्यात बसते, ती रायफल एकेक गोळी झाडणारी असली तरी निषिद्ध. लष्करी ९ मिमी काडतूस घेणारे पिस्तूल निषिद्ध; .३२ चे रिव्हॉल्व्हर मात्र साध्या परवान्यावर मिळू शकते. सैन्याच्या कोठारातून गळालेली गोळी खासगी बंदुकीत चालूच नये, हा यामागचा व्यवहारी हिशेब.

१०/ भुसावळकरांना हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. १९४९ पासून येथे आयुध निर्माणी आहे आणि जवळच वरणगावची निर्माणी सैन्यासाठी काडतुसे बनवते, त्यांत ५.५६ मिमीचीही. ज्या गोळीवरून देशातला नागरिक ‘निषिद्ध’ ठरतो, ती गोळी तयार करून शेजारी संध्याकाळी घरी येतो.

११/ अमेरिकेची वाट पाहा. जानेवारी १९८९ मध्ये स्टॉकटन येथील शाळेत मुले मारली गेली आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने ‘असॉल्ट वेपन’वर बंदी घातली. प्रथम नावांची यादी केली; उत्पादकांनी नावे बदलली. मग व्याख्या वैशिष्ट्यांवर आली : सुटे होणारे मॅगझीन, पिस्तुलासारखी मूठ, दुमडणारा दस्ता. उत्पादकांनी मूठ बदलली. तेथे प्रत्येक राज्याची व्याख्या निराळी. आपल्याकडे शस्त्रे हा केंद्रसूचीतील विषय असल्याने महाराष्ट्राला स्वतःची व्याख्या करता येत नाही. राज्याच्या हाती उरतो तो महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१. त्याच्या कलम ३७ चे शस्त्रबंदीचे आदेश सणासुदीला वर्तमानपत्रात येतातच. गंमत अशी की केंद्राने वगळलेली लाठी येथे मागच्या दाराने परत येते.

१२/ निषिद्ध शस्त्राचा अर्थ महाराष्ट्राला उमगला तो १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात. अभिनेता संजय दत्त याच्यावर शस्त्र कायद्याखाली दोष सिद्ध झाला तो एके-५६ रायफल आणि ९ मिमी पिस्तूल बाळगल्याबद्दल. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा सहा वर्षांवरून पाचवर आणली. कायद्यातील किमान शिक्षा तेवढीच होती.

१३/ २०१९ च्या दुरुस्तीने ही किमान मर्यादा सात वर्षे केली आणि कमाल चौदा. विनापरवाना साध्या पिस्तुलाला मात्र दोन ते पाच वर्षे. म्हणून आज खानदेशात पोलीस ‘गावठी कट्टा’ पकडतात, तेव्हा आरोपीचे पुढचे आयुष्य पंचनाम्याहून अधिक शस्त्रतज्ज्ञाच्या अहवालावर अवलंबून असते. ७.६५ मिमीचे काडतूस बसते, की लष्करी ९ मिमीचे? नळीच्या व्यासातील हे अंतर दीड मिलिमीटरहून कमी आहे.