अपस्मार : ‘फिट थांबली’ म्हणजे रुग्ण बरा झाला का? उपचारांचे यश मोजायचे कसे, सविस्तर माहिती

हुबळी-धारवाड : अपस्माराचा रुग्ण ओपीडीत डॉक्टरांसमोर बसला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “मागच्या महिन्यात फिट आली होती का?” उत्तर ‘नाही’ आले की त्याच गोळ्या पुढे चालू. गर्दीच्या ओपीडीत यापेक्षा जास्त वेळ मिळणे कठीण. पण रुग्ण कामावर जातो का, गोळ्यांनी दिवसभर झोप येते का, मन खचले आहे का, हे त्या एका उत्तरातून कळत नाही. म्हणूनच मोठ्या वयाच्या रुग्णांसाठी नेहमीच्या तपासणीत नेमके काय मोजावे, याच्या आंतरराष्ट्रीय शिफारशी २०२४ मध्ये ‘एपिलेप्सिया’ या वैद्यकीय नियतकालिकात आल्या.

आजार किती मोठा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. योग्य निदान आणि औषधे मिळाली तर त्यातील ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटमुक्त राहू शकतात. कर्नाटकात बेंगळुरू आणि परिसरात झालेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या सर्वेक्षणात दर हजारी सुमारे ९ जणांना हा आजार आढळला. खेड्यात हे प्रमाण शहराच्या दुप्पट होते.

मराठीत याला मिरगी, फेफरे, आकडी म्हणतात. कन्नडमध्ये मूर्च्छे रोग. घरोघरी मात्र दोन्हीकडे ‘फिट’ हाच शब्द चालतो.

उपचारासाठी कुठे?

हुबळीचे पूर्वी किम्स या नावाने ओळखले जाणारे वैद्यकीय महाविद्यालय (मूळचे १९५७ चे कर्नाटक वैद्यकीय महाविद्यालय), धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञान संस्था आणि सत्तूरचे एसडीएम वैद्यकीय महाविद्यालय ही जुळ्या शहरांतील मोठी ठिकाणे. बेळगाव, खानापूर, हल्याळ या भागांतील मराठी भाषिकांनाही हुबळी-धारवाड जवळचे पडते.

मोजायचे काय?

१) फिट : केवळ ‘आली-नाही आली’ पुरेसे नाही. किती वेळा, किती मिनिटे, झोपेत की जागेपणी, हेही हवे. हातपाय झाडून पडणे तेवढीच फिट, असा समज आहे. क्षणभर टक लावून बसणे, ओठ चाळवणे, एकाच हाताला झटके येणे यासुद्धा फिटच असू शकतात. त्या सांगितल्याच जात नाहीत, म्हणून मोजल्याही जात नाहीत.

‘फिटमुक्त’ या शब्दालाही ठरलेला अर्थ आहे. किमान १२ महिने, किंवा उपचाराआधी दोन फिटमध्ये जे सर्वांत मोठे अंतर होते त्याच्या तिप्पट काळ, यापैकी जो जास्त तो फिटविना गेला पाहिजे. आधी सहा-सहा महिन्यांनी फिट येणाऱ्याला १८ महिने थांबावे लागते.

योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा डोसमध्ये घेऊनही फिट थांबत नसेल तर त्याला औषधांना दाद न देणारा अपस्मार म्हणतात. अशा रुग्णाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या केंद्रात दाखवावे लागते. नोंदच नसेल तर ही वेळ आली हे लक्षात येत नाही आणि वर्षे निघून जातात.

२) गोळ्यांचा त्रास : फेनिटोइनने हिरड्या सुजतात, लेव्हेटिरासिटामने काहींची चिडचिड वाढते. व्हॅल्प्रोएटमुळे गर्भातील बाळाला धोका असतो, त्यामुळे तरुण स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न विचारायलाच हवा. त्रास सहन होत नाही म्हणून रुग्ण परस्पर गोळी बंद करतो आणि फिट पुन्हा सुरू होते.

३) मन : अपस्मारासोबत नैराश्य बऱ्याचदा असते. ‘एनडीडीआय-ई’ ही फक्त सहा प्रश्नांची चाचणी गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. १५ पेक्षा जास्त गुण आले तर पुढील तपासणी करतात.

४) रोजचे जगणे : ‘क्वोली-३१’ या प्रश्नावलीत फिटची भीती, थकवा, स्मरणशक्ती, औषधांचा परिणाम, लोकांत मिसळणे असे सात भाग आहेत. गुण ० ते १००. जास्त गुण म्हणजे जगणे बरे.

५) जिवाचा धोका : अपस्मार असलेल्या हजार प्रौढांमागे वर्षाला साधारण एकाचा अचानक मृत्यू होतो. वारंवार मोठ्या फिट येणाऱ्यांना हा धोका अधिक. त्यामुळे फिट आटोक्यात ठेवणे हा जीव वाचवण्याचाही प्रश्न आहे.

भाषेचा प्रश्न

या प्रश्नावल्या मूळ इंग्रजीत तयार झाल्या. सीमाभागात डॉक्टर कन्नडमध्ये विचारतात, रुग्ण घरी मराठी बोलतो आणि केस पेपर इंग्रजीत लिहिला जातो. ‘उदास वाटते का’ याचे उत्तर सोबत आलेला भाऊ किंवा सासू देत असेल तर ते रुग्णाचे उत्तर नव्हे. म्हणून प्रश्न रुग्णाच्याच भाषेत आणि शक्य तर त्याला एकट्याला विचारणे गरजेचे.

कर्नाटकातलेच उदाहरण

मोजमाप फक्त मोठ्या इस्पितळातच होते असे नाही. डॉ. के. एस. मणी यांच्या पथकाने येळंदूर (आता चामराजनगर जिल्हा) या ग्रामीण भागात फेनोबार्बिटल आणि फेनिटोइन या स्वस्त औषधांवर रुग्णांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. हे काम २००१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. साध्या गोळ्या आणि नियमित नोंद यांच्या जोरावर खेड्यातही निकाल तपासता येतो, हे त्यातून दिसले.

घरी काय करता येईल?

– एका वहीत तारीख, वेळ, फिट किती मिनिटे चालली आणि त्या दिवशी गोळी चुकली होती का, एवढे लिहावे.
– शुद्ध गेलेल्या रुग्णाला काय झाले ते आठवत नाही. पाहणाऱ्याने लिहावे किंवा मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा.
– पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललेली फिट म्हणजे तातडीची वेळ. लगेच इस्पितळ गाठावे.
– चप्पल, कांदा हुंगवणे, हातात किल्ली देणे याचा उपयोग नाही. तोंडात काही घालू नये, कुशीवर वळवावे.
– डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू नये.

लपवण्यामागचे कारण

लग्न मोडेल, नोकरी जाईल या भीतीने बरेच जण फिट लपवतात आणि डॉक्टरांसमोरही ‘नाही’च सांगतात. १९९९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायद्यातून अपस्माराचा उल्लेख वगळण्यात आला. म्हणजे केवळ हा आजार आहे म्हणून त्या तरतुदीखाली लग्न रद्द होत नाही. वाहन परवान्याच्या अर्जात मात्र अपस्माराबद्दल आजही विचारले जाते आणि तिथे खरे सांगणे स्वतःच्या व इतरांच्याही जिवाचा प्रश्न आहे. रुग्ण मोकळेपणाने बोलला तरच केस पेपरवरचा आकडा खरा ठरतो आणि गोळी बदलायची की तीच ठेवायची, हे डॉक्टरांना ठरवता येते.