एकच दरवाजा नको : बर दुबईच्या बाजाराची शिकवण

दुबईतल्या कुठल्याही मोठ्या कंपनीच्या ऑफिसात हल्ली एक जाडजूड फाईल हमखास असते. तिच्यावर लिहिलेलं असतं, ‘बिझनेस कंटिन्युइटी प्लॅन’. आग लागली, पूर आला, साथ पसरली, संगणक बंद पडले, तर धंदा चालू कसा ठेवायचा याचा तो आराखडा. अमिरातीच्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१२ साली त्यासाठी ‘७०००’ क्रमांकाचं एक मानकच प्रसिद्ध केलं आणि पुढे त्यात सुधारणाही केल्या. विषय आधुनिक वाटतो, पण तो तसा नाही.

मी पेशाने हिशेबनीस. बर दुबईतल्या लहान-मध्यम दुकानांच्या वह्या तपासण्यात माझी तीसेक वर्षं गेली. या दुकानांत अशी फाईल क्वचितच सापडते. पण हा बाजार शंभर-सव्वाशे वर्षं खाडीच्या काठावर उभा आहे आणि या काळात त्याने इतके तडाखे खाल्ले आहेत की त्याचा इतिहास हीच एक फाईल म्हणावी.

ती फाईल उघडण्याआधी आपल्या घरचीच एक आठवण काढू या. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखलं जाणारं ‘आज्ञापत्र’ साधारण १७१५ चं. त्यात गडकोटांच्या प्रकरणात दोन गोष्टी अगदी रोखठोक सांगितल्या आहेत. एक, गडाला एकच दरवाजा असणं हा मोठा दोष. म्हणून आणखी दरवाजे आणि चोरदिंड्या करून ठेवाव्यात. दुसरी, गडावर झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये. तोफांच्या आवाजाने झरे आटतात, तेव्हा पाण्याची आणखी तजवीज हवी. आपत्तीतही कारभार चालू ठेवण्याचं सगळं शास्त्र या दोन सूचनांत आलं, असं मला वाटतं. बर दुबईचा इतिहास मी याच चष्म्यातून वाचतो.

आता मुळात हा बाजार इथे आला कसा? समोरच्या इराणी किनाऱ्यावर लिंगेह नावाचं बंदर होतं आणि आखाताचा बराचसा व्यापार तिथून चाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे जकातीचा जाच वाढला. इकडे दुबईचे शासक शेख मकतूम बिन हशर (कारकीर्द १८९४ ते १९०६) यांनी परदेशी व्यापाऱ्यांना करात सूट दिली. लिंगेहचे व्यापारी गलबतं भरून खाडीच्या या काठाला आले. त्यातल्या बस्तक भागातल्या लोकांनी वस्ती केली तो ‘बस्ताकिया’, म्हणजे आजचा अल फहिदी ऐतिहासिक परिसर. आपण पाहुण्यांना तिथले वाऱ्याचे मनोरे कौतुकाने दाखवतो, पण ज्यांनी ते बांधले ती माणसं दुसरा दरवाजा शोधत इथवर आली होती, हे सांगायचं राहून जातं. सिंध आणि कच्छकडचे हिंदू व्यापारीही याच काठावर कापड, तांदूळ, मसाले घेऊन बसले. त्यांचे हिशेब रुपयात आणि बाजारभाव मुंबईचे.

पहिला मोठा फटका बसला तो मोत्यांच्या धंद्याला. आखातातले मोती मुंबईच्या बाजारात येत आणि तिथून जगभर जात. दुबईचं पोट त्यावर होतं. १९२० च्या दशकात जपानचे संवर्धित मोती बाजारात आले, १९२९ नंतर जागतिक मंदी आली आणि बघता बघता मोत्यांचा भाव कोसळला. मोती काढणारे पाणबुडे, त्यांना उचल देणारे नाखवे, नाखव्यांना पैसे पुरवणारे व्यापारी, अशी सगळी साखळी एकाच मालावर टांगलेली. ती तुटली तेव्हा गावाने उपासमार पाहिली, आणि पाठोपाठ दुसऱ्या महायुद्धातलं रेशनिंग आलं. म्हणतात ना, दुष्काळात तेरावा महिना. ज्यांच्या पेढीवर मोत्याबरोबर कापड आणि धान्यही होतं, त्यांच्या हाती निदान विकायला काही उरलं. पुढे या शहराने आलेला माल दुसरीकडे पाठवण्याचा धंदा वाढवला. कुठल्याही एका मालावर सगळी भिस्त ठेवायची नाही, हा धडा त्याने गिरवला असं म्हणायला हरकत नाही.

दुसरा धडा वाटेचा. १९५० च्या दशकात खाडी गाळाने भरत चालली होती. मोठ्या बोटी बाहेर समुद्रात नांगर टाकत आणि माणसं-माल पडावांतून किनाऱ्यावर येई. शेख रशीद यांनी कुवेतचं कर्ज आणि रोख्यांचा पैसा उभा करून १९५९ मध्ये खाडी खोल करण्याचं काम सुरू केलं. गावाची ऐपत पाहता हा जुगारच होता. पण खाडी बुजली तर बाजार उठणार, हे त्यांनी ओळखलं होतं.

समुद्रात उभ्या राहणाऱ्या बोटींचा धोका काय असतो, ते १९६१ च्या एप्रिलमध्ये दिसलं. मुंबई ते बसरा फेऱ्या करणारी ब्रिटिश इंडिया कंपनीची ‘दारा’ ही बोट दुबईबाहेर नांगरली होती. वादळ उठलं म्हणून ती खोल समुद्रात निघाली. निरोप द्यायला आलेले नातेवाईक आणि फेरीवालेही बोटीवरच राहिले होते. ८ एप्रिलच्या पहाटे तिच्यावर स्फोट झाला, आग लागली आणि २३८ माणसं गेली. पुढे १९७२ मध्ये रशीद बंदर सुरू झालं, १९७९ मध्ये जबल अली. खाडी ओलांडायला पूर्वी अब्रा, नाहीतर खाडीच्या टोकाला मोठा वळसा. १९६३ मध्ये मकतूम पूल झाला, १९७५ मध्ये शिंदघाचा बोगदा. आज अब्रा बंद असली तरी माणूस देराला पोहोचतो. एकाच्या जागी तीन-चार वाटा झाल्या त्या सलग वीस वर्षांच्या खटपटीतून.

तिसरा धडा आपल्या रुपयाचा, आणि तो मला सर्वांत बोलका वाटतो. नव्या पिढीला खरं वाटणार नाही, पण दुबईचं चलन १९६६ पर्यंत रुपया होतं. सोन्याच्या चोरट्या व्यापारामुळे भारताची परकीय गंगाजळी गळू लागली, म्हणून रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी निराळ्या नोटा काढल्या. त्यांचे रंग वेगळे आणि क्रमांकाआधी ‘झेड’ अक्षर. किंमत मात्र भारतीय रुपयाचीच. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहरीनने १९६५ मध्ये आपापला दिनार आणला. कतार आणि दुबईने मार्च १९६६ मध्ये एकत्र चलन काढण्याचा करार केला.

आणि ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं. डॉलरला ४ रुपये ७६ पैसे पडत होते, ते एकदम साडेसात रुपये पडू लागले. विचार करा, ज्या बाजाराची उधारी, भाडी, पगार, सगळं रुपयात लिहिलेलं, त्याचं मोजमापच एका रात्रीत बदललं. निर्णय दिल्लीत झाला आणि खड्डा खाडीकाठच्या गल्ल्यात पडला. पण दुसरा दरवाजा अर्धा बांधून तयार होता. नव्या नोटा येईपर्यंत सौदी रियाल वापरात आणला गेला आणि सप्टेंबरमध्ये कतार-दुबई रियाल आला. त्याचं मोल अवमूल्यनाआधीच्या रुपयाइतकं धरलं होतं, त्यामुळे भाव आणि करार पुन्हा ओळखीच्या मापात लिहिता आले. मार्चचा तो करार नसता तर? तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली असती. १९७३ मध्ये दिरहॅम आला, तो पुढचा टप्पा.

चौथा धडा दुबईच्या अंगणातला नाही, शेजारचा आहे, पण इथल्या प्रत्येक भारतीय दुकानदाराने तो धसका घेऊन पाहिला. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय, बहुतेक अम्मानमार्गे, विमानांनी मायदेशी आणले गेले. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेले कितीतरी. दुकान, माल, बँकेतली शिल्लक, सगळं मागे. इराकने कुवेती दिनार आपल्या दिनाराच्या बरोबरीचा ठरवला, म्हणजे साठवलेल्या पैशाची माती.

पुढे संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्ये नुकसानभरपाई आयोग नेमला. एकंदर ५२.४ अब्ज डॉलर वाटून झाले; शेवटचा हप्ता २०२२ मध्ये आला. देश सोडावा लागला म्हणून ठरावीक रक्कम मिळवायला साधा पुरावा पुरत होता. पण दुकानाचं, मालाचं, येणेबाकीचं मोठं नुकसान मागायचं तर कागद हवे. माझ्या पेशातला माणूस इथेच थबकतो. मालाची यादी, बिलं, परवाना, बँकेचा उतारा, हे सगळं दुकानाच्याच कपाटात असेल आणि दुकानच हातचं गेलं असेल, तर नुकसान दाखवणार कशावरून? वहीची दुसरी प्रत दुसऱ्या गावात हवी, ती यासाठी.

यानंतरचं आपण सगळ्यांनी पाहिलंच आहे. जानेवारी २००८ च्या अखेरीस अलेक्झांड्रियाजवळ आणि १ फेब्रुवारीला दुबईजवळ समुद्राखालच्या केबली तुटल्या. भारताचं आणि आखाताचं इंटरनेट एकदम लंगडं झालं. २०२० च्या एप्रिलमध्ये करोनापायी जवळजवळ तीन आठवडे दिवसाचे चोवीस तास घरात बसावं लागलं आणि कापडबाजारात शुकशुकाट झाला. त्या दिवसांत मी एक फरक पाहिला. ज्यांनी गिऱ्हाइकांचे फोन नंबर नीट लिहून ठेवले होते, ते घरबसल्या साड्यांचे फोटो पाठवून ऑर्डरी घेत होते. ज्यांचं गिऱ्हाईक फक्त रस्त्यावरून आत येणारं, ते शटरकडे बघत बसले. मग १६ एप्रिल २०२४ चा पाऊस. दुबई विमानतळावर एका दिवसात १४२ मिलिमीटर. एरवी वर्षभरातही इतका पडत नाही. मुंबईकर हसेल, कारण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर झाला होता. पण ज्या गावाची गटारं पावसासाठी बांधलेलीच नाहीत तिथे १४२ सुद्धा प्रलय.

मंडळी, एवढा इतिहास उगाळल्यावर हिशेबनीसाच्या भाषेत चार प्रश्न विचारतो. तुमचा माल एकाच पुरवठादाराकडून, एकाच बंदरातून येतो का? पैसा एकाच बँकेत आहे का? हिशेबाची प्रत दुकानाबाहेर आणि देशाबाहेर आहे का? विम्याच्या कागदात पाणी शिरल्याचं आणि दुकान बंद राहिल्याचं नुकसान धरलंय का, की फक्त आग? ‘दुसरा दरवाजा म्हणजे दुप्पट खर्च’ असं बरेच दुकानदार म्हणतात. ते खोटं नाही. म्हणूनच सगळ्याला दुसरा दरवाजा करायचा नसतो. जे बंद पडलं तर आठवड्यात दुकान बसेल, त्याला तो करायचा. आणि केलेला दरवाजा वर्षातून एकदा उघडून बघायचा. नाहीतर ऐन वेळी कडी गंजलेली निघते. ‘बॅकअप आहे’ असं सांगणाऱ्यांना मी नेहमी म्हणतो, एकदा त्यातून मागच्या महिन्याची वही उघडून दाखवा.

पाचवा प्रश्न मात्र अवघड आहे. तुम्ही स्वतः नसलात तर?

माझ्या माहितीतलं एक चांगलं चालणारं दुकान. युद्ध, मंदी, करोना, सगळ्यांतून तरलं. मालक हृदयविकाराने अचानक गेले. कुणाला किती देणं, कुणाकडून किती येणं, संगणकाचा पासवर्ड काय, सारं त्यांच्या डोक्यात. परवाना एकट्यांच्या नावावर. इथे खातेदार गेला की बँक खातं गोठवते, आणि हयातीत दिलेलं मुखत्यारपत्र माणसाबरोबरच संपतं. वहिनींना दुकानाचं काहीच माहीत नव्हतं. त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं. कोर्टाचे कागद होईपर्यंत भाडं थकलं, माणसं पांगली आणि सहा महिन्यांत दुकान उठलं. ना पूर, ना युद्ध.

आपल्या घरांतला एकच दरवाजा बहुतेक वेळा हाच असतो, कर्ता माणूस. यावर उपाय आहेत. मुस्लिमेतरांना इथे मृत्युपत्र नोंदवता येतं; दुबईच्या डीआयएफसीमध्ये ही सोय २०१५ पासून आहे. भागीदारी किंवा कंपनी करून परवान्यात दुसरं नाव घालता येतं. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पत्नीला, मुलाला किंवा मुलीला महिन्यातून एकदा वह्या समजावून सांगणं. त्याला एक संध्याकाळ पुरते.

लक्ष्मीपूजनाला आपण चोपडीवर हळदकुंकू वाहतो, पाडव्याला नवं पान उघडतो. यंदा चोपडीबरोबर एक साधा कागदही पाटावर ठेवा. त्यावर देणी, येणी, बँका, विमा, वकील आणि दोन भरवशाच्या माणसांचे नंबर. पूजा झाली की तो कागद घरात कुणाला तरी वाचायला द्या, आणि त्यांचे प्रश्न येतील त्यांची उत्तरं त्याच रात्री देऊन टाका.

सर्वांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा.