शपथ, पुरावा आणि ग्रुपवरचा एक फोटो

परवा रविवारी सकाळी चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात परभणीहून मामेबहिणीचा फोन आला. ती नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एरवी तिचा फोन म्हणजे कुठला लॅपटॉप घेऊ, नेट स्लो कामून चालतंय, असलं काहीतरी. या वेळी आवाज उतरलेला होता. "दादा, ग्रुपवरून फोटो डिलीट केला तर तो सगळ्यांच्या मोबाईलमधून जातो का रे?"

प्रकरण असं. त्यांच्या वर्गात दर आठवड्याला एकीनं एखादा शोधनिबंध वाचून सगळ्यांसमोर मांडायचा असतो. हिच्या वाट्याला आला होता बेडसोअर, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला पडून पडून होणाऱ्या जखमा. वॉर्डात अर्धांगवायूच्या एक आजी होत्या. हिनं त्यांच्या कमरेवरच्या जखमेचा फोटो काढला आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. चेहरा दिसत नव्हता, म्हणून हिला वाटलं काही हरकत नाही. पण फोटोच्या कडेला आजींचा हात आला होता आणि हातावर नाव गोंदलेलं होतं. कुणीतरी तो फोटो पुढे पाठवला. दोन दिवसांत तो आजींच्या गावात पोचला आणि गाव म्हणायला लागलं, सुनेनं सासूला सडवलं.

मी तिला खरं ते सांगितलं. ग्रुपवरून जाईल, पण जो पुढे गेला तो गेला.

मग ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "मी तर अभ्यासासाठीच काढला होता ना? पुराव्यानं काम करा म्हणतात, आणि पेशंटचं काही बाहेर जाऊ देऊ नका पण म्हणतात. दोन्ही एकदम कसं जमवायचं?"

प्रश्न साधा नाही. मी आठवडाभर त्यावर वाचत होतो. त्यातलं जे सापडलं ते इथे मांडतो.

आधी तिचा शोधनिबंध बघू, कारण तोही मजेदार आहे. बेडसोअर होऊ नये म्हणून पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलावी, असं नर्सिंगमध्ये पिढ्यान्‌पिढ्या शिकवतात. २०१३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या नर्सिंग होममध्ये ९४२ वृद्धांवर याची चाचणी झाली. दोन, तीन आणि चार तासांनी कूस बदलणारे असे गट केले, आणि त्यांच्यात फारसा फरक निघाला नाही! मग आपणही चार तासांवर जायचं का? नाही. कारण त्या सगळ्यांखाली चांगल्या दर्जाच्या जाड फोमच्या गाद्या होत्या. आपल्याकडच्या वॉर्डात गादी कसली असते ते आपल्याला माहीत आहे. म्हणून हल्ली 'पुराव्यावर आधारित'च्या ऐवजी 'पुराव्याची जाण ठेवून' असं म्हणायची पद्धत आहे. पुरावा वाचायचा, पण समोरची गादी आणि समोरचा माणूस बघून निर्णय घ्यायचा.

आता इतिहास. नर्सिंगमध्ये पुराव्याची सुरुवात शोधायला गेलं की फ्लोरेन्स नाइटिंगेलपाशी पोचायला होतं. दिवा हातात घेतलेली बाई म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्या आकडेवारीतल्या पक्क्या होत्या. क्रिमियाच्या युद्धात (१८५४-५६) सैनिक गोळ्यांपेक्षा रोगांनी जास्त मेले, हे त्यांनी १८५८ मध्ये आकृत्या काढून दाखवलं. त्याच वर्षी लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीनं त्यांना सभासद करून घेतलं. त्या भारतात कधीच आल्या नाहीत. पण इथल्या लष्करी छावण्यांना छापील प्रश्नावल्या पाठवून माहिती मागवली गेली, आणि १८६३ च्या अहवालात इथल्या ब्रिटिश सैनिकांचा मृत्युदर हजारी ६९ असल्याचं बाहेर आलं.

नर्सिंगच्या मुली दिवा लावून जी 'नाइटिंगेल शपथ' घेतात, ती मात्र त्यांनी लिहिलेली नाही. ती १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका नर्सिंग शाळेत लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीनं तयार केली. रुग्णाच्या खाजगी गोष्टी मी माझ्यापाशीच ठेवीन, हे वचन त्या शपथेत आहे. पण म्हणून नाइटिंगेलना गुप्ततेचं काही नव्हतं असं नाही. नर्सनं गावगप्पा करू नयेत, आणि ज्याला विचारायचा हक्क आहे त्यालाच आपल्या रुग्णाबद्दल सांगावं, हे त्यांनी नर्सिंगवरच्या आपल्या पुस्तकात आधीच लिहून ठेवलं होतं. म्हणजे मोजायला शिकवणारी आणि तोंड बंद ठेवायला सांगणारी बाई एकच. तिला त्यात विरोध दिसला नाही. मग आपल्याला का दिसतो?

याचं उत्तर मला आपल्याच महाराष्ट्रातल्या दोन गोष्टींत सापडलं.

पहिली गोष्ट १८९७ ची. मुंबईत प्लेग आला होता. हाफकिननं ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या प्रयोगशाळेत लस तयार केली, १० जानेवारीला आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांना टोचली आणि टोचलेल्या आणि न टोचलेल्या कैद्यांची तुलना केली. आजच्या नियमांत कैद्यांची संमती खरी संमती धरायची का, हा प्रश्न येईलच. पण निदान गट पाडून तुलना करायची, हा विचार तिथे होता.

त्याच वर्षी पुण्यात काय झालं? ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा आला. रँडसाहेबांच्या हाताखालचे सोजीर घराघरांत शिरले. गाठ आहे का बघायला बायका-पुरुषांना चारचौघांत तपासलं गेलं. त्यातून २२ जूनला चाफेकर बंधूंनी काय केलं ते शाळेत शिकलोय. पण एक गोष्ट शाळेत कुणी ठसवून सांगत नाही. लोकांनी आजारी माणसं लपवायला सुरुवात केली. प्रेतंसुद्धा लपवली. म्हणजे जी माहिती मिळवायला सरकार घरात घुसलं, तीच माहिती नाहीशी झाली. नोंदवहीतले आकडे खोटे आणि रोग खरा!

आणि हे जुनं म्हणून सोडून देता येत नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनाला तोंड द्यायला तोच १८९७ चा कायदा बाहेर काढला गेला. महाराष्ट्रात घरी विलगीकरणात ठेवलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले. ठिकठिकाणी पेशंटांची नावं व्हॉट्सॲपवर फिरली. मग कितीतरी लोकांनी ताप अंगावर काढला, पण टेस्टला गेले नाहीत.

दुसरी गोष्ट गडचिरोलीची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ च्या सुमारास तिथे 'सर्च' संस्थेचं काम सुरू केलं. जानेवारी १९८९ मध्ये त्यांचा एक शोधनिबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, तर त्यातल्या ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता. आणि त्याआधी कधीही तशी तपासणी झालेल्या बाया होत्या फक्त ८ टक्के. तोपर्यंत खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच जगभरचा समज होता. या एका पेपरनं तो बदलायला सुरुवात केली.

आता विचार करा. अंगावरून पांढरं जातं, हे आपली आई तरी आपल्याला सांगेल का? ही माहिती सोजीर पाठवून मिळत नाही आणि चावडीवर सभा घेऊनही मिळत नाही. ती एका बाईनं दुसऱ्या बाईला, दार लावून, ही कुठे बोलणार नाही या खात्रीवर दिलेली माहिती असते. पुढे राणीताईंनी या बायांचं बोलणं ज्या पुस्तकात मांडलं त्याचं नावच 'कानोसा' आहे.

पुढचा प्रयोग नवजात बाळांचा. ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं, आणि तुलनेसाठी ४७ गावं घेतली. आरोग्यदूत बाळंतिणीच्या खोलीत जायची, बाळाचं वजन करायची, श्वास मोजायची, जंतुसंसर्ग वाटला तर इंजेक्शन द्यायची आणि सगळं लिहून ठेवायची. तीन वर्षांत नवजात बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी उतरले. डिसेंबर १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि २०११ मध्ये आशाताईंमार्फत देशाच्या कार्यक्रमात गेलं. हा सगळा पुरावा बाळंतिणीच्या खोलीतून आलेला आहे. तिथे कुणाला आत येऊ द्यायचं हे घरातल्या बाया ठरवतात.

तर मला कळलं ते असं. गुप्तता आणि पुरावा हे तराजूचे दोन पारडे नाहीत. गुप्तता आधी येते, मग पुरावा. ज्या वॉर्डातून गोष्टी बाहेर जातात तिथे पेशंट खरं सांगणं बंद करतो, आणि मग तुमचं सगळं संशोधन खोट्या उत्तरांवर उभं राहतं.

आपल्या क्षेत्राची लाजही सांगतो. आपल्याला वाटतं नाव काढलं की डेटा सुरक्षित. १९९७ च्या सुमारास लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीनं नावं काढून टाकलेल्या हॉस्पिटलच्या नोंदींतून मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांची नोंद शोधून दाखवली होती. पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावर! जिंतूर किंवा पालम तालुक्यातल्या हजार वस्तीच्या गावात तर 'पासष्टीच्या, अर्धांगवायू झालेल्या' एवढंच पुरतं. हातावरच्या गोंदणाचीही गरज नाही. आणि चोर यावा लागतो असंही नाही. २०१६ च्या डिसेंबरात मुंबईतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे ४३ हजारांच्या आसपास रिपोर्ट नेटवर उघडे पडलेले सापडले, त्यात एचआयव्हीचेही होते. २०१९ मध्ये पासवर्ड नसलेल्या सर्व्हरवर एक्स-रे आणि स्कॅन उघडे असल्याचं एका जर्मन कंपनीनं दाखवलं, त्यात भारतातले लाखो होते आणि महाराष्ट्र आघाडीवर होता. हे सर्व्हर कुणी लावले? आपल्यासारख्यांनीच.

याउलट गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्याखालचे नियम बघा. प्रवेशाची नोंदवही गुप्त ठेवायची, आणि बाकी कागदांवर बाईच्या नावाऐवजी क्रमांक लिहायचा. कॉम्प्युटर नसताना, साध्या रेघांच्या वहीत! आपण आज त्यालाच मोठमोठी नावं देतो. वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले. चांगलंच आहे. पण वॉर्डात रात्री दोन वाजता मोबाईल खिशातून काढायचा की नाही, हे कायदा येऊन बघत नाही.

बहिणीला मी एवढंच सांगितलं, की आधी ट्यूटर मॅडमना सगळं खरं सांग, मग आजींना आणि त्यांच्या सुनेला भेट. ती गेली. ट्यूटरनी फैलावर घेतलं, पण बरोबर वॉर्डात आल्या. जखम दवाखान्यात येण्याआधीपासून होती की इथे झाली, याची नोंद केसपेपरात होती. ती बघून त्यांनी सुनेच्या नवऱ्याला आणि दिराला समोर बसवून समजावलं, की अर्धांगवायूच्या माणसाला घरी फोमची गादी नसताना अशी जखम व्हायला फार दिवस लागत नाहीत. गावाचं तोंड त्यानं बंद झालं का? नाही.

सून मात्र बहिणीला म्हणाली, "इचारलं असतं तर म्या नाही कामून म्हनले असते? हात झाकून घेतला असता."

परवा पुन्हा फोन आला होता. आता आजींची कूस दर दोन तासांनी बदलतात आणि ती वेळ वहीत लिहितात. वहीवर बेड नंबर आहे, नाव नाही. जखम भरत आलीये म्हणे.

फोटो मी मागितला नाही.