शिळेची सनद

छोटा नागपूरच्या पठारावरील मुंडा जमातीच्या गांवांत गेलें असतां मोठमोठ्या सपाट शिळा दृष्टीस पडतात. त्यांना ‘ससनदिरी’ म्हणतात. ज्या कुळानें रान तोडून गांव वसविलें, त्या कुळांतील मृतांच्या अस्थि या शिळांखालीं ठेवण्याची चाल होती. पूर्वजांच्या अस्थि जेथें, तेथील भूमि त्यांच्या वंशजांची, आणि तीहि सर्वांची सामाईक. या वहिवाटीस ‘खुंटकट्टी’ असें नांव आहे. मुंडांच्या लेखीं ती शिळा हीच सनद होय.

इंग्रजी अमलांत न्याय कागदावर चालूं लागला. शिळेची साक्ष कचेरींत कोण मानणार? जमीनदार, ठेकेदार व सावकार यांना मुंडा लोक ‘दिकू’ म्हणत. या दिकूंनीं एकामागून एक गांवें घशांत घातलीं व मूळ मालकांवर वेठ लादली. त्यांतच जंगलखात्यानें गांवांभोंवतालचें रान व पडीक जमीन आपल्या ताब्यांत घेण्यास आरंभ केला. मुंडा सरदारांनीं वर्षानुवर्षें अर्ज केले. दाद लागली नाहीं.

उलिहातू येथें १८७५ सालीं जन्मलेला बिरसा मुंडा याच काळांत पुढें आला. रानावरील हक्कांसाठीं झालेल्या चळवळींत तो होता. १८९५ सालीं त्यास अटक होऊन दोन वर्षांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर डिसेंबर १८९९ मध्यें त्यानें ‘उलगुलान’ म्हणजे महाउठाव आरंभिला. ९ जानेवारी १९०० रोजीं सैल रकबच्या टेंकडीवर धनुष्यबाणांची बंदुकांशीं गांठ पडली. बायकामुलेंहि बळी पडलीं. फेब्रुवारींत बिरसा पकडला गेला आणि ९ जून रोजीं रांचीच्या तुरुंगांत मरण पावला. तेव्हां त्याचें वय अवघें चोवीस वर्षांचें होतें.

बंड मोडलें, पण प्रश्न मिटला नाहीं. सरकारला जमिनींची मोजणी करावी लागली. १९०८ च्या छोटा नागपूर कूळकायद्यानें खुंटकट्टीस मान्यता दिली व आदिवासींच्या जमिनी बाहेरच्यांच्या हातीं जाण्यास बंधन घातलें.

या जमिनींचा बिगरशेतीसाठीं उपयोग करण्यास मोकळीक देणारी दुरुस्ती झारखंड विधानसभेनें २०१६ सालीं संमत केली. मोठा लोकक्षोभ झाला. राज्यपाल द्रौपदी मुर्मू यांनीं २०१७ सालीं विधेयक परत धाडलें व सरकारनें तें मागें घेतलें. त्याच सुमारास खुंटी जिल्ह्यांत गांवोगांवच्या वेशीवर नव्या शिळा उभ्या राहिल्या. त्यांवर ग्रामसभेच्या अधिकारांविषयींचीं राज्यघटनेंतील कलमें कोरलेलीं होतीं. या चळवळीबद्दल अनेकांवर राजद्रोहाचे गुन्हे नोंदले गेले.

शतकापूर्वीं कचेरीनें शिळा नाकारून कागद मागितला होता. मुंडांनीं अखेर तो कागदच शिळेवर कोरला.