भाषा मराठी, वळण अमेरिकी : कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणाचा प्रश्न

नवी दिल्ली : भारतीय भाषांत बोलणारी व लिहिणारी यंत्रे घडवण्यासाठी केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला. मार्च २०२४ मध्ये सुमारे १०,३७२ कोटी रुपयांच्या ‘इंडिया एआय’ मोहिमेला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. परदेशी, मुख्यत्वे अमेरिकी, भाषा मॉडेलांवर विसंबून राहावे लागू नये, हा त्यामागील एक हेतू. मात्र यंत्राला मराठी लिहिता येणे आणि त्याला मराठी जग ठाऊक असणे, यांत अंतर आहे.

भाषा मॉडेल प्रचंड मजकूर वाचून घडते. त्या मजकुरात ज्यांचे लेखन अधिक, त्यांची जगाकडे पाहण्याची रीत यंत्रात उतरते. ओपनएआयने २०१९ मध्ये ‘जीपीटी-२’साठी मजकूर निवडताना ‘रेडिट’ या अमेरिकी संकेतस्थळाचा आधार घेतला. तेथील ज्या दुव्यांना सदस्यांकडून किमान तीन गुण मिळाले, ती पाने घेण्यात आली. २०२० मधील ‘जीपीटी-३’च्या प्रशिक्षणातील सुमारे ९३ टक्के शब्द इंग्रजी होते. पुढे माणसांकडून उत्तरांची प्रतवारी करून घेऊन यंत्राला वळण लावण्याची पद्धत आली. २०२२ मध्ये कंपनीने दिलेल्या माहितीनुसार हे काम सुमारे ४० जणांनी केले. ते मुख्यतः अमेरिकेत वा आग्नेय आशियात राहणारे इंग्रजी भाषक होते. सल्ला कसा द्यावा, सौजन्य कशाला म्हणावे, याचे माप इतक्या मोजक्या हातांनी ठरले.

परिणाम मोजला गेला आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी भारत व अमेरिकेतील ११८ जणांना आवडता पदार्थ, आवडता सण अशा विषयांवर इंग्रजीतून लिहावयास सांगितले. यंत्राने पदार्थ म्हणून पिझ्झा आणि सण म्हणून नाताळ सुचवला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, सूचना स्वीकारत लिहिणाऱ्या भारतीयांची शैली अमेरिकी लेखनाकडे झुकली. त्यांनी अमेरिकी सहभागींपेक्षा अधिक सूचना स्वीकारल्या, तरी त्या दुरुस्त कराव्या लागल्याने त्यांचा वेळ कमी वाचला.

हा अभ्यास इंग्रजी लेखनाचा होता. मराठीत गुंता वाढतो. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी भाषक ८.३ कोटी, महाजालावरील मजकुरात मात्र मराठीचा वाटा एक टक्काही नाही. ही उणीव बऱ्याचदा इंग्रजीतून अनुवादित मजकुराने भरली जाते. इंग्रजीतील ‘कझिन’ मराठीत आणताना तो मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ की चुलतभाऊ, हे यंत्राला तर्काने ठरवावे लागते. मूळ वाक्यात ते नातेच नसते. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांचेही तसेच. व्याकरण निर्दोष असले म्हणजे घर मराठी असतेच असे नाही.

प्रशिक्षणासाठी बातम्या वापरल्याबद्दल एएनआय वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. तो वाद स्वामित्वहक्काचा आहे; यंत्रात कोणाचे जग भरले, हा प्रश्न त्यात येत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियममध्ये झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा लोकसाहित्याच्या अभ्यासक तारा भवाळकर होत्या. त्या साहित्याचा मोठा भाग मुखोद्गत राहिला, म्हणून यंत्राच्या वाचनात तो येतच नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रयत्नांतून गावोगावच्या स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित झाल्या. ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहामुळे त्यांतील अनेक आता महाजालावर ऐकता आणि वाचता येतात.