तेहतीस फुटांची साखळी : जुन्या मोजणी व आरेखन साधनांचा संग्रह आणि स्थानिक इतिहास

प्रस्तावना :

इतिहासाची साधने म्हटले की ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी, सनदा व पत्रव्यवहार आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. ज्या उपकरणांच्या साहाय्याने जमीन मोजली गेली, नकाशे रेखाटले गेले आणि सारा ठरविला गेला, ती उपकरणे मात्र साधनांच्या यादीत क्वचितच आढळतात. साखळी, शंकू, फलकयंत्र, होकायंत्र, चांदा, कर्कटक, रेघपेन आणि आरेखनपट्टी ही या वर्गातील प्रमुख साधने होत. युरोपात अशा वस्तूंचा संग्रह करण्याची मोठी परंपरा आहे. आपल्याकडे त्यांचे मोल बहुधा भंगाराच्या काट्यावरच ठरते.

पन्हाळा तालुक्यातील कोडोली हे वारणाकाठच्या ऊसपट्ट्यातील मोठे गाव. येथील एका जुन्या वाड्याच्या गोठ्यात प्रस्तुत लेखकास काही वर्षांपूर्वी मोजणीच्या साखळीचा एक तुकडा पाहावयास मिळाला. त्याने म्हैस बांधलेली होती. उरलेला भाग, आणे दाखविणाऱ्या पितळी खुणांसह, मोडीत गेला होता. घरातील तरुण पिढीला ती साखळी कशाची हे ठाऊक नव्हते. मात्र त्याच घरात शेताच्या बांधावरून चाललेल्या दाव्याची कागदपत्रे काळजीपूर्वक जपून ठेवलेली होती. कागद जपला गेला आणि तो कागद ज्या मापाने तयार झाला ते माप नष्ट झाले, ही विसंगती प्रस्तुत निबंधाच्या मुळाशी आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

1) मोजणी व आरेखन साधनांचे ऐतिहासिक साधन म्हणून महत्त्व तपासणे.
2) ही साधने व भूमी अभिलेख यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे.
3) महाविद्यालयीन पातळीवर अशा साधनांचा संग्रह करण्याची दिशा सुचविणे.

यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कोडोली परिसरातील निरीक्षणाची जोड दिली आहे.

काठीपासून साखळीपर्यंत :

महाराष्ट्रात जमीन मोजणीची परंपरा ब्रिटिशपूर्व आहे. मलिक अंबरच्या जमीनमहसूल व्यवस्थेनंतर शिवकाळात अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखाली जी पाहणी झाली, तिचे मूळ माप काठी हे होते. ही काठी 5 हात व 5 मुठी लांबीची धरली जाई. 20 चौरस काठ्यांचा एक पांड, 20 पांडांचा एक बिघा आणि 120 बिघ्यांचा एक चावर असे कोष्टक होते. हात आणि मूठ ही शरीराची मापे असल्याने प्रमाण काठी कोणती, हा प्रश्न त्या व्यवस्थेत कळीचा ठरे. ‘काठी’ हा शब्द कागदांत आहे. प्रत्यक्ष काठी हाती नसल्याने जुन्या बिघ्याचे आजच्या मापात रूपांतर करताना अभ्यासकांना अंदाजावर विसंबावे लागते. साधन हरवले की आकडा मुका होतो, याचे हे पहिले उदाहरण होय.

इंग्लंडमध्ये एडमंड गुंटर याने 1620 च्या सुमारास 66 फूट लांबीची, 100 कड्यांची साखळी रूढ केली. अशा 10 चौरस साखळ्यांचा एक एकर होतो. मुंबई इलाख्यात मात्र भूमापनासाठी 33 फुटांची, म्हणजे गुंटरच्या निम्म्या लांबीची साखळी वापरात आली आणि तिचे भाग 100 न करता 16 केले गेले. प्रत्येक भागास आणा म्हणत. एका आण्याची लांबी 2 फूट पाऊण इंच भरते. या साखळीचा एक चौरस म्हणजे 1,089 चौरस फूट, अर्थात एक गुंठा. आणि 40 गुंठ्यांचा, म्हणजे 43,560 चौरस फुटांचा एक एकर. रुपयाचे सोळा आणे हा हिशेब येथील कारकुनांच्या व रयतेच्या अंगवळणी पडलेला होता. त्यामुळे इंग्रजी एकराला देशी सोळा आण्यांची जोड मिळाली, असे मानावयास जागा आहे. 1957 साली दशमान नाणेपद्धती आली व व्यवहारातून आणा हळूहळू मागे पडला. परंतु जुन्या मोजणीच्या कागदांत तो आजही जिवंत आहे. आज ऊसपट्ट्यात गुंठ्याचा भाव सांगणारा प्रत्येक जण नकळत त्या साखळीचाच चौरस बोलत असतो.

मुंबई पाहणी आणि टिपण :

प्रिंगल याने 1820 च्या दशकाच्या अखेरीस पुणे परिसरात सुरू केलेली पाहणी सदोष मोजणी व जबर आकारणी यांमुळे फसली. त्यानंतर 1836 मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नव्याने काम हाती घेतले. 1847 च्या संयुक्त अहवालाने या पद्धतीस निश्चित रूप दिले आणि तीच पुढे इलाखाभर रूढ झाली. कोल्हापूर संस्थानातही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच धर्तीवर मोजणी झाली. 1949 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा शेतीच्या मोजणीची भाषा दोन्हीकडे एकच होती.

या मोजणीस शंकू-साखळी पद्धत म्हणतात. शंकू म्हणजे काठीच्या टोकावर बसविलेला, एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन फटी असलेला ठोकळा. शेतातून एक मुख्य रेघ धरावयाची, साखळीने ती मोजावयाची आणि बांधाच्या प्रत्येक वळणापासून त्या रेघेवर शंकूच्या साहाय्याने लंब टाकावयाचा. अशा रीतीने शेताचे त्रिकोण व समलंब चौकोन पडतात. ही मापे ज्या हातनकाशावर लिहिली जात ते टिपण. टिपण प्रमाणात काढलेले नसते. त्याचा सारा अर्थ त्यावरील साखळी-आण्यांच्या आकड्यांत असतो. त्या आकड्यांवरून क्षेत्राचा गुणाकार केला जाई आणि गावनकाशा मात्र प्रमाणात रेखाटला जाई. एका इंचास 20 साखळ्या, म्हणजे 660 फूट, हे त्याचे प्रमाण. आजच्या भाषेत ते 1:7920 होते आणि एका मैलास बरोबर 8 इंच पडतात.

येथे संग्राहकास एक उपयुक्त खूण सापडते. जुन्या पेटीत एखादी शिसवी वा पितळी पट्टी मिळाली आणि तिच्यावर इंचाचे 20 भाग आढळले, तर ती गावनकाशाच्या कामी येऊ शकणारी पट्टी होय. इंचाचे 8 किंवा 16 भाग असलेली पट्टी बहुधा सुतारकामाची अथवा इमारतीच्या नकाशांची असते. वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन पट्ट्या अशा रीतीने दोन निराळ्या व्यवहारांच्या साक्षीदार ठरतात.

साधनातील चूक हेही साधन :

साखळी ही लोखंडाची असली तरी स्थिर वस्तू नव्हे. वापराने कड्या व गोल घासतात, ओढून ओढून ती लांबते. उलट कड्या वाकल्या किंवा त्यांत चिखल बसला तर ती आखूड होते. हा फरक किती परिणाम करतो हे एका सोप्या गणिताने दिसून येईल. समजा, 33 फुटांची साखळी एका इंचाने लांबली. मोजणीदार तिला 33 फूटच समजतो. अशा साखळीने मोजून एक एकर नोंदविलेली जमीन प्रत्यक्षात सुमारे 220 चौरस फुटांनी अधिक भरते, म्हणजे अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त. आखूड साखळीने याच्या उलट घडते. 220 चौरस फूट म्हणजे खेड्यातील एक ऐसपैस खोली होय. आज इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन व उपग्रहाधारित रोव्हर यंत्रांनी फेरमोजणी झाली की असे फरक उघड होतात. तेव्हा शेजाऱ्याने बांध कोरला, असा संशय प्रथम येतो. कित्येकदा तो खराही असतो. परंतु दोष एखाद्या झिजलेल्या साखळीचाही असू शकतो, हे लक्षात घेतले जात नाही.

या बाबतीत विल्यम लॅम्बटन याचे उदाहरण उद्बोधक आहे. 1802 मध्ये मद्रासजवळ त्याने त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पहिली आधाररेषा मोजली. त्यासाठी वापरलेली 100 फुटांची पोलादी साखळी मुळात चीनच्या सम्राटासाठी मॅकार्टनीच्या वकिलातीबरोबर पाठविलेल्या भेटींपैकी होती. ती तेथे नाकारली गेली आणि डिनविडी यांच्यामार्फत कलकत्त्यास आली. लॅम्बटनजवळ दुसरीही एक साखळी होती. ती केवळ तुलनेसाठी राखून ठेवण्यात आली. कामाची साखळी झिजते, हे त्याने गृहीतच धरले होते. हाच लॅम्बटन 1823 मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला. एखादी साखळी कोठून आली, कोणाच्या हातून गेली आणि कशाशी ताडून पाहिली गेली, हे नोंदविलेले असल्यामुळेच तिच्या आकड्यांवर आजचा अभ्यासक विश्वास ठेवू शकतो.

उपकरणे परदेशातून येत आणि दुरुस्ती येथे होई. यातही इतिहासाचा एक दुर्लक्षित भाग दडलेला आहे. जॉर्ज एव्हरेस्टच्या काळात अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन हे सर्वेक्षण खात्यातील नामांकित उपकरण-कारागीर होते. युरोपीय कारागिराच्या पश्चात 1840 च्या दशकात त्या पदाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पेटीवर लंडनच्या कंपनीचे नाव असले तरी आत बदललेला स्क्रू, डाग दिलेला सांधा वा नव्याने पाडलेल्या रेघा या अनेकदा एतद्देशीय हाताच्या खुणा असतात. ‘मूळ स्थितीतील’ वस्तूच्या शोधात असलेला संग्राहक त्या दोष मानतो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्या पुरावा मानल्या पाहिजेत.

संग्रहाची दोन प्रारूपे :

ऑक्सफर्ड येथील विज्ञान-इतिहास संग्रहालयाचा पाया लुईस इव्हान्स याने 1924 मध्ये दिलेल्या खाजगी संग्रहाने घातला गेला. विल्यम स्टॅन्ली या लंडनच्या निर्मात्याने 1866 मध्ये आरेखन साधनांवर लिहिलेला ग्रंथ आजही संग्राहकांना उपयोगी पडतो. या परंपरेचा भर निर्माता, काळ आणि घडण यांवर आहे. पेटीतील साधने पितळी की जर्मन सिल्व्हरची, कोरलेल्या नावासोबत पत्ता कोणता, रेघा हाताने पाडलेल्या की यंत्राने, यांवरून वस्तूचा काळ ठरविला जातो.

आपल्याकडे डॉ. दिनकर केळकर (1896–1990) यांनी दुसरे प्रारूप घालून दिले. दिवे, अडकित्ते, दौती, भांडी, कुलपे अशा नित्य वापरातील वस्तू त्यांनी गावोगाव हिंडून जमविल्या. अकाली निवर्तलेल्या पुत्राच्या नावाने पुण्यात उभे राहिलेले राजा दिनकर केळकर संग्रहालय पुढे महाराष्ट्र शासनाकडे सुपूर्द झाले. वस्तू राजाची नसली तरी ती इतिहासाची असते, हे त्यांनी कृतीने दाखविले. मोजणी साधनांच्या बाबतीत या दोन्ही प्रारूपांचा मेळ घालणे आवश्यक आहे. पहिल्यापासून काटेकोर नोंद घ्यावी, दुसऱ्यापासून सामान्य वस्तूविषयीची आस्था घ्यावी.

कोडोली व वारणानगर परिसरात महाविद्यालये आहेत, अभियांत्रिकी शिक्षणाची सोय आहे. इतिहास, भूगोल, गणित व स्थापत्य अभियांत्रिकी या चार विषयांच्या अध्यापकांनी एकत्र येऊन करावे असे हे काम आहे. साखळीची आजची लांबी मोजणे, पट्टीची विभागणी तपासणे आणि त्यांची टिपणाशी सांगड घालणे हा विद्यार्थ्यांसाठी उत्तम प्रकल्प होऊ शकतो.

निष्कर्ष :

1) भूमी अभिलेखातील आकडे ज्या साधनांनी निर्माण झाले त्यांच्यावाचून ते पूर्णपणे वाचता येत नाहीत.
2) साधनाची झीज, दुरुस्ती व विभागणी हे त्याचे दोष नसून माहितीचे स्रोत आहेत. तथापि आज आढळणारी साखळीची लांबी ही मोजणीच्या दिवसाची लांबी होती असे मानता येणार नाही. पुढील वापरातील झीज लक्षात घेऊनच अनुमान करावे लागेल.
3) वस्तूची मालकी, वापर व ठिकाण यांची नोंद नसलेला संग्रह शोभेचा होतो, साधनाचा होत नाही.

शिफारशी :

1) वस्तू मिळताच ती ज्या घरातून आली त्या घरातील वडीलधाऱ्यांची मुलाखत घेऊन नोंद करावी.
2) पितळ चिंच वा राखेने घासू नये, त्याने लाखेचा थर व बारीक रेघा नष्ट होतात.
3) कायद्याचे भान ठेवावे. शंभर वर्षांवरील अशा वस्तूस 1972 चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो व खाजगी व्यक्तीस पुरावशेष देशाबाहेर पाठविता येत नाहीत. हस्तिदंती पट्ट्यांचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे.
4) मूळ मालकास वस्तू द्यावयाची नसेल तर छायाचित्र, मापे व माहिती एवढीच घ्यावी. वस्तू घरात राहिली तरी चालेल, ती काट्यावर जाऊ नये.

समारोप :

गोठ्यातील त्या तुकड्याच्या शाबूत कड्या मोजून व मापून घेण्यात आल्या. अख्खी साखळी किती फुटांची होती हे आता सांगता येणार नाही. त्या घरातील बांधाचा दावा मात्र साखळी-आण्यांतच लिहिलेल्या टिपणावर उभा आहे. इतिहासाच्या अध्यापकाने वाड्यात गेल्यावर दप्तराची चौकशी करावीच. त्याबरोबर माळ्यावर, गोठ्यात आणि कोनाड्यातही एकदा नजर टाकावी, एवढेच या निबंधाचे सांगणे आहे.